नागपूरहून बाइकने घाट : चिखलदरा की पचमढी? आणि ॲक्टिवा न्यावी का?

मानकापूरचा_मी

नमस्कार मंडळी. जानेवारीत एक शनिवार-रविवार धरून आम्ही मित्र बाइकने निघायचं म्हणून राहिलो. चार गाड्या, सहा जण. एक बुलेट, एक पल्सर, एक शाइन (डबलसीट) आणि एक ॲक्टिवा (ती पण डबलसीट). ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडल्या आहेत, एक चिखलदरावाली आणि एक पचमढीवाली. दोन्हीकडे सगळे लहानपणी एसटीने नाहीतर घरच्या कारने जाऊन आलेले आहेत, पण स्वतः गाडी चालवत घाट कोणी चढलेला नाही.

तीन प्रश्न आहेत.
पहिला, दोन दिवसांत कोणतं जमेल?
दुसरा, ॲक्टिवा घाटात न्यावी का? तिचा मालक म्हणतो, "चढते ना भाऊ, काय होते!"
तिसरा जरा नाजूक आहे. पल्सरवाला मित्र जीवाचा आहे, पण हायवे लागला की दिसतच नाही. घाटात त्याचं काय करायचं?

तर्रीबाज

तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे. चावी काढून घ्या अन् ॲक्टिवावर मागे बसवा.

संत्रानगरी

चिखलदरा. डोळे झाकून. (गाडी चालवताना नाही.) नागपूर-अमरावती १५५ किमी, रस्ता चारपदरी. तिथून परतवाडा पन्नासेक किमी आणि मग घाट. सकाळी सहाला निघालात तर मोझरीला गुरुकुंजात तुकडोजी महाराजांच्या समाधीला हात जोडून, अमरावतीत गिला वडा खाऊन दुपारच्या जेवणाला वर. परतवाड्याहून दोन रस्ते आहेत. धामणगाव गढीचा जवळचा आणि घटांगवरून जाणारा लांबचा.

पचमढी अडीचशेच्या वर पडते आणि मधे सिल्लेवानी, तामिया, मटकुलीनंतरचा चढ असे तुकड्यातुकड्याने घाट लागतात. दोन दिवसांत केली तर फक्त गाडीच चालवली असं होते.

आणि समृद्धीवरून जाऊ असं कोणी सुचवलं तर सांगून ठेवा, तिथे दुचाकीला प्रवेश नाही.

सौंसरकर

संत्रानगरी भाऊ, तुम्ही आमच्या रस्त्याला सावत्र वागणूक देऊन राहिले. सावनेर सोडलं की सौंसर आलंच. जामसावळीच्या निजलेल्या मारुतीचं दर्शन घ्या, पुढे रामाकोना अन् सिल्लेवानीचा घाट. छिंदवाड्यापर्यंत सगळं मिळून सव्वाशे किमी. तामियाला कड्यावरून दरी दिसते, तिथून पातालकोटचा फाटा आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या खोल दरीत बारा गावं, भारिया अन् गोंड लोकांची. पचमढी नाही जमली तरी तामियाला मुक्काम करून परत या. दोन दिवसांत आरामात होते.

भाषेची पण अडचण नाही, सौंसर-पांढुर्ण्यात अर्ध्याहून जास्त दुकानदार मराठीच बोलतात.

जुना_राजदूत

पचमढीचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. तरुण पोरांना आता ती 'एमपीतली' वाटते. अरे, नागपूर राजधानी होती तेव्हा पचमढी आमची उन्हाळ्याची राजधानी होती. सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं सगळं सरकार उन्हाळ्यात तिकडे हलायचं. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती, हे किती जणांना माहीत आहे?

आमच्या घरून नागपंचमीच्या आधी नागद्वारला अन् महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ घेऊन जायची रीत होती. ऐंशीच्या दशकात मी अन् धाकटा भाऊ राजदूतवर गेलो. तेव्हा हेल्मेट म्हणजे डोक्याला बांधलेला शेला. रस्ता इतका अरुंद, की समोरून ट्रक आला की आम्ही उतरून गाडी बाजूला धरून उभे राहायचो. वेग कशाशी खातात ते माहीतच नव्हतं, म्हणून वाचलो.

पण मानकापूरच्या भाऊ, तुम्हाला माझं मत चिखलदरा. पचमढीला तीन दिवस द्या, नाहीतर जाऊ नका. धूपगडावर सूर्यास्त पाहिला नाही तर गेले काय अन् न गेले काय. १३५२ मीटर, सातपुड्यातली सगळ्यात उंच जागा आहे ती.

ताम्हिणीकर

विदर्भात घाट असतात हे आजच कळलं. :) आमच्याकडे या एकदा, ताम्हिणी, वरंध, आंबेनळी. मग 'घाट' म्हणजे काय ते कळेल.

तर्रीबाज

आला पुणेकर. चहा घेऊनच आला असशील, नाही का?

एसटीचा_पोरगा

ताम्हिणीकर, चेष्टा बाजूला ठेवून एक सांगतो. तुमच्या अन् आमच्या घाटांत खरा फरक वळणांचा नाही, क्रमाचा आहे. पुण्याचा माणूस कोकणात जातो तेव्हा आधी उतरतो. सकाळी ताजा असताना उतार, परत येताना चढ. नागपूरचा माणूस आधी चढतो. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या आसपास. शनिवारी उत्साहात चढायचं आणि रविवारी दुपारी झोप अपुरी, पोट भरलेलं, उद्या ऑफिस आहे हे डोक्यात, अशा अवस्थेत उतरायचं. उतार संपला की पुढे दोनशे किमी सरळ रस्ता.

माझे वडील परतवाडा डेपोला ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. त्यांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, "ॲक्टिवा चढते का हे काय विचारते? उतरते कशी ते विचार म्हणा."

त्यांच्याकडून ऐकलेलं लिहितो. एसटीला तीव्र वळण घ्यायला पूर्ण रस्ता लागतो. बसचं पुढचं चाक बाहेरून जाते, पण मागचं चाक आतून कापत येते. लांब गाडीचं तसंच असते, ड्रायव्हर कितीही चांगला असो. बाइकवाल्याला वाटते की बस बाहेरच्या बाजूला गेली, आतून जागा मोकळी झाली, काढू गाडी. तीच जागा मागच्या चाकाची आहे. "आरशात दिसते तेव्हा पोट्टा अर्ध्यावर येऊन गेला राहते," असं ते म्हणतात. म्हणून वळणावर समोरून बस किंवा ट्रक दिसला तर वळणाच्या अलीकडेच डावीकडे थांबायचं अन् तिला पूर्ण येऊ द्यायचं.

दुसरं, अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा नुसता रिवाज नाही, २०१७ च्या मोटार वाहन चालनाच्या नियमांतही आहे. चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा उचलणं कठीण असते.

रोही

वरचा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर चिकटवा कोणीतरी.

माझं नाव पाहून समजलंच असेल, एक मुद्दा माझाही घ्या. परतवाड्याच्या पुढे मेळघाटचं जंगल आहे. अंधार पडल्यावर रोही (म्हणजे नीलगाय), सांबर, रानडुक्कर, शिवाय रस्त्यावर बसलेली गाय-म्हैस. रोही तर हेडलाइट पाहून थबकते अन् तुम्ही जवळ आले की उडी मारते. सूर्य मावळायच्या आत वर पोचायचंच अन् रविवारी जेवण करून लगेच निघायचं. सेमाडोह-हरिसालकडे वळायचा विचार असेल तर वनखात्याच्या नाक्यांच्या वेळा आधी विचारून घ्या.

गॅरेजवाला_भाऊ

ॲक्टिवावर बोलतो, रोजचंच काम आहे.

गिअरच्या गाडीत उतारावर थ्रॉटल सोडला की इंजिन स्वतः गाडीला धरून ठेवते. दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की अर्धा ब्रेक इंजिनच मारते. म्हणूनच जुने ड्रायव्हर म्हणतात, ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतर. स्कूटरमध्ये गिअर निवडताच येत नाही, पट्ट्याची सिस्टिम आहे. इंजिनची ओढ थोडी मिळते, पण वेग अगदी कमी झाला की क्लच आपोआप सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते. म्हणजे सगळ्यात तीव्र वळणावर, जिथे तुम्ही सगळ्यात हळू असता, तिथेच इंजिनची साथ नाही. सगळा भार ब्रेकवर.

आणि बहुतेक ॲक्टिवांना ड्रम ब्रेक आहेत. डबलसीट, सामान, सतत दाबलेला ब्रेक. ड्रम तापतो, आतून त्याला घासणारं लायनर तापते, मग लिव्हर दाबली तरी गाडी पाहिजे तशी थांबत नाही. आधी जळका वास येतो. वास आला तर उभे राहा, अर्धा तास थंड होऊ द्या, पाणी ओतू नका.

न्यायचीच असेल तर एकट्याने न्या, मागे कोणी नको. ब्रेक धरून ठेवू नका. वळणाच्या आधी नीट दाबून वेग कमी करा, सोडा, पुन्हा दाबा.

बाकी तिघांसाठी : निघायच्या आदल्या दिवशी नाही, आठ दिवस आधी गाडी दाखवा. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, चेन, टायर. हवा सकाळी टायर थंड असताना कंपनीने सांगितली तितकी. क्लचची एक जास्तीची वायर जवळ ठेवा. आणि उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारा कोणी असेल तर त्याला घरी ठेवा.

संत्रानगरी

भाऊ, माझ्या मावसभावाने ॲक्टिवावर बायकोला घेऊन चिखलदरा केला. काही झालं नाही. उगाच घाबरवून नका टाकू.

गॅरेजवाला_भाऊ

काही होत नाही तोपर्यंत काहीच होत नाही. त्याला विचारा, आल्यावर लायनर बदलले का?

संत्रानगरी

विचारलं. बदलले. :(

मागची_सीट

इतके प्रतिसाद झाले, पण सहापैकी दोन जण मागे बसणार आहेत, त्यांच्याबद्दल कोणी अक्षर लिहिलं नाही. मी मागे बसून तामिया, पचमढी, चिखलदरा, तोरणमाळ सगळं पाहिलेलं आहे, म्हणून लिहिते.

मागच्याला हँडल नसते. रस्ता दिसत नाही, दिसते ते पुढच्याचं हेल्मेट. पुढचा कधी ब्रेक मारणार हे त्याला माहीत असते, आम्हाला नाही. ब्रेक लागला की माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटते. आमच्या घरात त्या आवाजावरूनच भांडण सुरू होते. घाटात हा आवाज वारंवार यायला लागला याचा अर्थ चालवणारा वळणात शिरल्यावर ब्रेक मारतो आहे. ब्रेक वळणाच्या आधी लागायला पाहिजे. चालवणाऱ्याला हे कळायच्या आत मागच्याच्या मानेला कळते.

वळणावर मागच्याने काय करायचं? काही नाही. गाडी डावीकडे झुकली की भीतीने अंग उजवीकडे टाकायचं नाही. गाडी ज्या बाजूला वळते त्या बाजूच्या पुढच्याच्या खांद्यावरून पाहायचं, अंग आपोआप बरोबर राहते. गुडघे आत. पाठीवर सॅक असेल तर ती सीटवर टेकेल इतकी सैल, नाहीतर चढावर तीच तुम्हाला मागे ओढते. फोटो काढायचा असेल तर गाडी थांबवायला सांगा. चालत्या गाडीवरून दोन्ही हात सोडून व्हिडिओ काढणारी एक मैत्रीण मला आहे, तिला मी आता सोबत घेत नाही.

आणि मागच्यालाही चांगलं, पूर्ण तोंडाचं, आयएसआय हेल्मेट. पुढच्याने आपलं जुनं, काच ओरखडलेलं हेल्मेट मागच्याला द्यायची जी नागपुरी पद्धत आहे ती बंद करा. जानेवारीत पहाटे हातमोजे दोघांनाही. मागच्याचे हात रिकामे असतात म्हणून जास्त गारठतात.

एक शेवटचं. निघायच्या आधी ठरवा : मागच्याने पाठीवर दोन थापा मारल्या की वेग कमी. का, ते थांबल्यावर विचारायचं.

जुना_राजदूत

ताई, हे माझ्या बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, चाळीस वर्षं उशीर झाला.

ताम्हिणीकर

चेष्टा मागे घेतो. एसटीच्या पोराचा उतार-चढाचा मुद्दा खरा आहे, आम्ही कधी असा विचार केला नव्हता. पावसाळ्यात एक भर : डांबरावरचा पांढरा पट्टा, शेण आणि ट्रॅक्टरने आणलेली माती, तिन्ही ओली असताना सारखीच निसरडी. जानेवारीत पहाटेचं दव पडतं तेव्हा सावलीतल्या वळणावरही तेच. तुमच्याकडे सागाचा पाला पडतो ना रस्त्यावर? त्याच्यावर ब्रेक नको.

तर्रीबाज

पुणेकराने चेष्टा मागे घेतली. धागा संग्रही ठेवा.

मूळ विषयावर यायचं तर, नाश्ता कुठे? पहाटे तर्री पोहे खाऊन निघू नका. अनुभवाचे बोल आहेत, तपशील विचारू नका.

रोही

कोंढाळीला चहा, अमरावतीला गिला वडा, वर खवा-रबडी. येताना वरूड-मोर्शीवरून आलात तर रस्त्याकडेला संत्री. त्या रस्त्याने चांदूर बाजार-मोर्शी-वरूड-काटोल असं येता येते.

सौंसरकर

संत्री आमच्याकडे पण आहेत, फक्त सांगून ठेवतो.

तर्रीबाज

अन् रविवारी रात्री परत आल्यावर सावजी. सहा जण, चार भाकरी जास्तीच्या. पल्सरवाला आधी पोचेल, त्याला ऑर्डर द्यायला सांगा.

मानकापूरचा_मी

सगळ्यांचे आभार. एवढं वाचून ठरवलं की आधी घराजवळ तालीम करू. काल रविवारी सगळे रामटेकला गेलो, गडमंदिराच्या रस्त्याने वरपर्यंत. अहवाल :

ॲक्टिवा डबलसीट मस्त चढली. उतरताना पण काही वास-बिस नाही. मालक खूश.
शाइनवाला अन् त्याचा मागचा, दोघांनी मागच्या सीटताईंचं वाचलं होतं. थापांचा इशारा ठरवला. मागच्याने गंमत म्हणून इतक्या थापा मारल्या की शाइनवाल्याने त्याला अंबाळ्याजवळ उतरवून दिलं.
बुलेटवाला ठीक.
पल्सर... मनसरला रामटेकसाठी उजवीकडे वळायचं. आम्ही वळलो. पल्सर दिसेना. फोन लागेना. अर्ध्या तासाने तिकडून फोन आला, "कुठं आहे बे तुम्ही? मी खवाश्याला चहा पिऊन राहिलो."

म्हणजे भाऊ मध्य प्रदेशच्या सीमेवर पोचला होता.

तर्रीबाज

🤣 त्याला तसंच पुढे सिवनीवरून पचमढीला पाठवा. पचमढी पार्टीचं समाधान होईल.

गॅरेजवाला_भाऊ

रामटेकची टेकडी म्हणजे उतार सुरू झाला की संपला. ड्रम तापायला वेळच मिळत नाही. चिखलदऱ्याचा घाट लांब आहे. तिथे वास येतो तो शेवटच्या टप्प्यात, जेव्हा परतवाडा दिसायला लागते. रामटेकवरून ॲक्टिवाला सर्टिफिकेट देऊ नका.

पुढचा_पल्सर

मीच तो. मित्राने लिंक पाठवली. आज खास नाव नोंदवलं.

सगळ्यांनी मिळून मला गुन्हेगार ठरवलं आहे, माझी बाजू पण ऐका. ॲक्टिवाच्या मागे चाळीसने दीड तास चालवलं की मले झोप येते. खरंच येते. समोर तिचा मागचा लाइट, बाजूला बुलेटची धडधड, अन् सगळे एकमेकांना चिकटून. पुढचा ॲक्टिवावाला खड्डा पाहून एकदम ब्रेक मारते, मागचा मी त्याच्या चाकात. हे सुरक्षित आहे का? मी पुढे गेलो तर निदान गर्दी कमी होते. वेगात चालवतो म्हणजे बेशिस्त चालवतो असं नाही. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, सगळं माझ्याकडेच आहे. ॲक्टिवावाल्याकडे विचारा काय आहे.

मागची_सीट

झोप येते हा मुद्दा मान्य. चिकटून चालवणं वाईट हेही मान्य. पण मनसरचा फाटा चुकला तो झोपेमुळे नाही.

एसटीचा_पोरगा

पल्सर भाऊंचं अर्धं बरोबर आहे, ते आधी देऊन टाकतो. सगळ्यांनी एकाच वेगाने, एकाच रांगेत चालवायचं हा नियम बाइकला लागू पडत नाही. दोन गाड्यांत किमान दोन सेकंदांचं अंतर, सरळ रस्त्यावर एक थोडी डावीकडे, मागची थोडी उजवीकडे, अन् वळणं सुरू झाली की सगळे एकामागे एक. घाटात प्रत्येकाने आपल्या वेगाने चालवावं.

उरलेलं अर्धं. वडिलांना विचारलं, घाटात वेगवाल्याचं काय करायचं. ते म्हणाले की लग्नाच्या वऱ्हाडाच्या दोन बस असल्या की नियम एकच : पुढच्याने आरशात मागची बस ठेवायची. बाइकला हाच नियम लावा. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची. प्रत्येक फाट्यावर थांबायचं. मागचा दिसला, त्याने आपल्याला पाहिलं, की मगच वळायचं. तो थांबला तर आपण थांबायचं, मग आपोआप आपल्या पुढचाही थांबतो. फोनची रेंज लागत नाही अशा जागी हाच एक उपाय.

पल्सरला सगळ्यात पुढे ठेवा, पण थांबायची ठिकाणं आधी ठरवून : कोंढाळी, तिवसा, अमरावती बायपास, परतवाडा, घाटातला पहिला पॉइंट. तिथे तो कितीही आधी पोचो, चहा पिवो. सगळ्यात मागे अनुभवी माणूस, बुलेटवाला चालेल. ॲक्टिवा पुढून दुसरी.

वेगाबद्दल एकच हिशोब. ४० ऐवजी ६० ने चाललात तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर दीडपट नाही, सव्वादोनपट होते. हायवेवर ते खपून जाते. आंधळ्या वळणावर तुम्हाला दिसणारा रस्ताच तेवढा नसतो. जेवढा दिसतो त्याच्या आत थांबता येईल, एवढाच वेग.

पुढचा_पल्सर

ठिकाणं ठरवून थांबायचं असेल तर जमते. हे कोणी आधी सांगितलंच नाही. मले सगळे फक्त "हळू चालव बे" एवढंच म्हणतात.

मानकापूरचा_मी

आम्ही हेच सांगत होतो भाऊ, तू ऐकायला जवळ नव्हता.

सौंसरकर

अन् खवाश्याचा चहा कसा होता?

पुढचा_पल्सर

ठीक. पण रस्ता जबरदस्त! पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचललेला आहे, खालून जनावरं जातात.

रोही

ते भुयारी मार्ग अन् उंच पूल वन्यजिवांसाठीच बांधले आहेत. त्यातला सगळ्यात लांब साडेसातशे मीटरचा. कॅमेऱ्यांत वाघ पण आलेले आहेत. पण खवाश्याच्या पुढचा कुरईचा घाट तुमच्या धाग्यात मोजू नका. रस्ता चारपदरी झाल्यापासून तो बाइकवाल्यांसाठी घाट राहिलाच नाही. पल्सरवाल्यासाठी मात्र योग्य जागा आहे.

जुना_राजदूत

चिखलदऱ्याला जाताच आहात तर गाविलगड चुकवू नका. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने तो किल्ला घेतला. त्यांनी तोफा वर नेल्या तो डोंगर पाहिला की तुम्हाला तुमच्या शाइनची कणव येणार नाही. भीमाने कीचकाला मारून जिथे टाकला म्हणतात ती दरीही तिथेच. कॉफीची झाडं पण दिसतील.

मानकापूरचा_मी

तर मंडळी, निर्णय. चिखलदरा. पचमढी पार्टीला उन्हाळ्यात तीन दिवस देऊ असं सांगून शांत केलं आहे.

ॲक्टिवाचा मालक खूप रुसला. शेवटी त्याने गॅरेजवाल्या भाऊंचा प्रतिसाद स्वतःच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये वाचून दाखवला, तिथल्या मेकॅनिकनेही तेच सांगितलं. आता ॲक्टिवा घरी. तो बुलेटवर मागे. ॲक्टिवाच्या मागे बसणारा पल्सरवर मागे. तीन गाड्या, सहा जण.

हो, पल्सरवर मागे तोच थापा मारणारा बसणार होता, आयत्या वेळी बदललं.

मागची_सीट

उलट बदलू नका! पल्सरवर तोच पाहिजे.

पुढचा_पल्सर

नको ताई, प्लीज.

गॅरेजवाला_भाऊ

पल्सर डबलसीट होणार असेल तर मागच्या टायरमध्ये हवा डबलसीटची भरा, चेन गार्डवर आकडे लिहिलेले असतात. मागचा शॉकअप पण एक खाच घट्ट करा. अन् पॅड दाखवून जा, खवासा-मनसर प्रकारानंतर त्यांचंही वय झालं असेल.

रोही

रविवारी वरून किती वाजता निघणार ते ठरलं का?

मानकापूरचा_मी

बाराला.

एसटीचा_पोरगा

दहाला निघा. बाराला म्हणाल तर एकला निघाल, सहाजण आहात. दहाला म्हणाल तर साडेअकराला परतवाड्यात असाल, कोंढाळीच्या पुढे येईपर्यंत उजेड राहील. अन् घटांगच्या रस्त्याने उतरणार असाल तर शनिवारी परतवाड्यातच टाक्या भरून घ्या.

तर्रीबाज

अन् सावजीची ऑर्डर आठची देऊ ना?